घरात तांबे, टॉवरवर ॲल्युमिनियम, रोहित्रात लोखंड, असे का?

विजेचे बटण दाबले की पंखा फिरतो. मात्र ती वीज ज्या वाटेने घरात येते, त्या वाटेवर पाच-सहा धातू भेटतात. टॉवरवर ॲल्युमिनियम आणि पोलाद, रोहित्राच्या गाभ्यात लोखंड, भिंतीत तांबे, प्लगच्या पिनांत पितळ आणि जुन्या फ्यूजमध्ये कथील-शिसे. तांबे इतके उत्तम वाहक आहे, तर सगळीकडे तांबेच का वापरत नाहीत? आणि एका धातूच्या जागी दुसरा बसवला तर काय होते?

सर्वांत चांगला वाहक कोणता?

विजेचा सर्वांत उत्तम वाहक चांदी आहे. पण तिची वाहकता तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्क्यांनी जास्त आणि किंमत कितीतरी पट. त्यामुळे व्यवहारात पहिला क्रमांक तांब्याचाच. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, तर लोखंडाची साधारण १७ टक्के भरते. तांबे सहज वाकते, तुटत नाही, स्क्रूखाली घट्ट बसते आणि कमी जाडीत जास्त वीज वाहून नेते. भिंतीतल्या अरुंद पाइपमधून तारा ओढायच्या असतात तेव्हा हे सगळे गुण उपयोगी पडतात.

मग टॉवरवर ॲल्युमिनियम का?

तिथे प्रश्न वजनाचा असतो. एक घन सेंटिमीटर तांब्याचे वजन ८.९६ ग्रॅम, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचे फक्त २.७ ग्रॅम. तांब्याएवढी वीज न्यायची तर ॲल्युमिनियमच्या तारेचा काटछेद सुमारे १.६ पट लागतो. तरीही तिचे वजन तांब्याच्या तारेच्या निम्मेच होते आणि ॲल्युमिनियम स्वस्तही पडते. तार हलकी असली की टॉवर दूर दूर उभे करता येतात.

ॲल्युमिनियमची कमजोरी म्हणजे ते ताण फारसा सोसत नाही. त्यावर उपाय म्हणून तारेच्या मध्यभागी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा आणि भोवती ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ अशी रचना करतात. पोलाद ताण घेते, ॲल्युमिनियम वीज नेते.

रेल्वेच्या ओव्हरहेड व्यवस्थेत मात्र पँटोग्राफला टेकणारी तार तांब्याची असते. गाडी धावताना ती सतत घासली जाते. तिथे हलकेपणापेक्षा घर्षणात टिकणे आणि चांगला संपर्क राखणे महत्त्वाचे ठरते.

लोखंडाचा उपयोग कुठे?

तांब्याएवढी वीज नेण्यासाठी लोखंडाची तार सुमारे पाचपट वजनाची लागेल, शिवाय ती गंजेल. पण लोखंडाकडे एक गुण असा आहे, जो तांबे आणि ॲल्युमिनियम या दोघांकडेही नाही. ते चुंबकत्व सहज धरते आणि सहज सोडते. म्हणून रोहित्राचा आणि मोटारीचा गाभा सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्यांचा असतो. पंख्याच्या मोटारीत वेटोळे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे असते, पण त्या वेटोळ्याचे चुंबकत्व एकवटण्याचे काम लोखंडच करते.

वाहकता कमी असणे हाही काही ठिकाणी गुणच. गिझर आणि इस्त्रीच्या कॉइलमध्ये वापरल्या जाणाऱ्या नायक्रोमचा रोध तांब्याच्या ६० पटींहून अधिक असतो. म्हणूनच ती कॉइल तापते.

दोन धातूंच्या जोडात धोका काय?

अनेक जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमचे वायरिंग आहे. दुरुस्तीच्या वेळी त्याला तांब्याची नवी तार पीळ देऊन जोडली जाते आणि वर टेप गुंडाळली जाते. इथे तीन गोष्टी बिघडतात. ॲल्युमिनियम हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तो वीज वाहू देत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त प्रसरण पावते, त्यामुळे तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांत जोड सैल होतो. आणि ओलावा मिळाला की दोन धातूंमध्ये रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. सैल जोडाचा रोध वाढतो, तो आणखी तापतो आणि शेवटी इन्सुलेशन जळते.

अमेरिकेत १९६५ नंतर काही वर्षे घरांत ॲल्युमिनियमचे वायरिंग सर्रास झाले. तांब्याच्या वायरिंगच्या तुलनेत, १९७२पूर्वीच्या ॲल्युमिनियम तारा असलेल्या घरांतील जोड आग लागण्याइतपत धोकादायक स्थितीला पोहोचण्याची शक्यता ५५ पट असल्याचा इशारा तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने दिला.

फ्यूजमध्ये तांब्याची तार का नको?

फ्यूज उडाला की जुन्या वायरीतली तांब्याची तार काढून ‘किटकॅट’मध्ये गुंडाळायची, हा घरोघरचा उपाय. पण फ्यूजचे काम वितळणे हेच आहे. कथील-शिशाची अर्धा मिलिमीटर जाडीची तार साधारण ४ अँपिअरच्या आसपास वितळते. तेवढ्याच जाडीची तांब्याची तार वितळायला सुमारे २८ अँपिअर लागतात. दिव्यांसाठीच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला एवढा प्रवाह पेलवत नाही. म्हणजे फ्यूज शाबूत राहतो आणि भिंतीतली तार जळते. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

घरात काय तपासावे?

स्विचबोर्ड तापत असेल, जळका वास येत असेल किंवा एसी, गिझर सुरू होताच दिवे मंदावत असतील, तर वायरमनला बोलावून जोड तपासून घ्यावेत. ॲल्युमिनियम आणि तांबे थेट जोडू नये. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारे खास लग आणि कनेक्टर मिळतात. फ्यूजमध्ये ठरलेल्या अँपिअरचीच तार घालावी. शक्य असल्यास जुना फ्यूज काढून एमसीबी बसवावा. त्याचा आकडा मात्र तारेच्या क्षमतेनुसार ठरवावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे, हे फ्यूजमध्ये तांब्याची तार गुंडाळण्याइतकेच धोक्याचे आहे.