अॅम्प्लिफायर: एक पेटी की दोन?



रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर किंवा फोनमधून येणारा विजेचा संदेश अगदी क्षीण असतो. त्याला बळ देऊन स्पीकर हलवणारे यंत्र म्हणजे अॅम्प्लिफायर. तो घ्यायचा म्हटले की प्रश्न येतो: दोन्ही स्पीकरना मिळून एक स्टिरिओ अॅम्प्लिफायर घ्यावा, की प्रत्येकाला वेगळा मोनो? आपल्या गावाला हा विषय नवा नाही. जगभर विकले गेलेले प्लिनियस अॅम्प्लिफायर ख्राइस्टचर्चमध्येच बनत असत.

आधी एक घोटाळा दूर करू

मोनो ध्वनिमुद्रण वेगळे आणि मोनो अॅम्प्लिफायर वेगळा. मोनो मुद्रणात आवाजाचा एकच पदर असतो. स्टिरिओत डावा आणि उजवा असे दोन. अॅलन ब्लुमलिन यांनी १९३१ साली इंग्लंडमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात रुळल्या त्या १९५८ पासून. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली झालेले ‘गीतरामायण’ त्यामुळे मोनोच होते. ते स्टिरिओ अॅम्प्लिफायरवर उत्तम वाजते. दोन्ही स्पीकरमधून तेच येते, एवढेच.

मोनो अॅम्प्लिफायर म्हणजे एकाच स्पीकरपुरता अॅम्प्लिफायर. असे दोन घेतले की स्टिरिओ ऐकता येते.

दोन पेट्यांचा फायदा

स्टिरिओ अॅम्प्लिफायरमध्ये दोन्ही बाजू बहुधा एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालतात. डावीकडे तबल्याची जोरदार थाप आली की वीज तिकडे जास्त ओढली जाते. वेगळ्या पेट्यांत ज्याची वीज त्याला. एका बाजूचा आवाज दुसरीकडे झिरपणेही कमी होते. शिवाय पेटी स्पीकरजवळ ठेवता येते, म्हणजे स्पीकरची वायर आखूड पुरते.

तोटा

किंमत, जागा आणि उष्णता, सगळेच वाढते. मोनो अॅम्प्लिफायरला बहुधा आवाज कमी-जास्त करायचे बटण नसते. त्यासाठी प्रीअॅम्प्लिफायर वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही पेट्या एकाच मॉडेलच्या हव्यात, नाहीतर एक बाजू मोठी वाजेल.

काही स्टिरिओ अॅम्प्लिफायर बटण फिरवून मोनो करता येतात. पण तसे केल्यावर ४ ओहमचा स्पीकर आतल्या प्रत्येक भागाला २ ओहमसारखा जड पडतो. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच करावे.

वॅटचा हिशेब

५० च्या जागी १०० वॅट घेतले तर आवाज दुप्पट होत नाही; फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात.

घरातली काळजी

२०१० आणि २०११ चे भूकंप पालकांना आठवत असतीलच. जड अॅम्प्लिफायर उंच फळीवर कधीही ठेवू नये. तो खाली, भक्कम कपाटात, वर हवा खेळेल असा ठेवावा. भारतात आणि इथे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचीच आहे, प्लग मात्र निराळा. भारतातून आणलेल्या अॅम्प्लिफायरचा प्लग इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावा. घरघर थांबावी म्हणून अर्थिंगची तार तोडणे जिवावर बेतू शकते.

आमचा सल्ला

नेहमीच्या बैठकीच्या खोलीला एक चांगला स्टिरिओ अॅम्प्लिफायर पुरेसा आहे. वाचलेले पैसे स्पीकरवर खर्च करावेत. फरक तिथे जास्त ऐकू येतो. खोली मोठी असेल, स्पीकर जास्त वीज मागणारे असतील, तर मोनोचा विचार करावा.

मुलांनो, करून पाहा

आई-बाबांकडून एखादे जुने मोनो गाणे लावून घ्या. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून डोळे मिटा. गायक कुठे आहे असे वाटते? आता थोडे डावीकडे सरका. तो कुठे गेला? उत्तर दोन ओळींत मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.

नवे शब्द: क्षीण – अशक्त. पदर – थर. झिरपणे – हळूहळू पाझरणे. थाप – तबल्यावरचा हाताचा आघात.