सरकीतला काळा ठिपका

जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव, हे सर्वांना ठाऊक आहे. मला घनसावंगी तालुक्यातल्या या शिवाराची ओढ लागली ती कापसामुळे, त्यातही सरकीमुळे. जिनिंगनंतर रुईच्या गाठी बाहेरगावी जातात. सरकीचं तेल निघतं आणि ढेप गुरांपुढे येते. सरकी ब्लेडनं उभी चिरली की पिवळसर गरात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. ते गॉसिपॉल. किडीनं बी खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ही तजवीज. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या कोटीपोटात त्याचा जोर बराच मरतो. लहान वासरांना, डुकरांना आणि कोंबड्यांना मात्र ते बाधतं. तेल शुद्ध करतानाही ते निघून जातं. मग माणसाला त्याची बाधा झाली कधी?

याचं उत्तर शोधताना मी चीनमध्ये जाऊन पोहोचले. १९५७ साली शांघायच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लिऊ बाओशान यांचं छोटंसं टिपण छापून आलं. जिआंगसू प्रांतातल्या वांग नावाच्या गावात १९३० ते १९४० च्या दशकांच्या दरम्यान सुमारे दहा वर्षं एकही मूल जन्मलं नव्हतं. त्या काळात गावात खाण्याला सरकीचं कच्चं तेल होतं. हे तेल संततिनियमनासाठी वापरता येईल का, असं लिऊंनी विचारलं होतं. पाळणे हलेनासे झाल्यावर गावं देवाला, नशिबाला, सुनांना बोल लावतात. लिऊंनी बोट ठेवलं ते तेलाच्या भांड्यावर. या लेखातला सगळ्यात मोठा माणूस मी त्यांनाच मानते, आणि त्यांच्याविषयी इतकं कमी लिहिलं गेलं याचं मला वाईट वाटतं.

पुढे चीनच्या इतर कापूस-पट्ट्यांतही कच्च्या तेलानं लोक आजारी पडले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गॉसिपॉल हेच कारण असल्याचं ठरलं. १९७२ पासून पुरुषांना गोळ्या देऊन चाचण्या सुरू झाल्या. रोज २० मिलिग्रॅम, साधारण दोन महिने. शुक्राणू पुरेसे घटले की कमी मात्रा. आठ हजारांहून जास्त पुरुषांनी या गोळ्या घेतल्या. परिणामकारकता ९९ टक्क्यांच्या वर सांगितली गेली आणि जगभर गाजावाजा झाला. मग काहींच्या रक्तातलं पोटॅशियम उतरलं, हातपाय लुळे पडले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, गोळी थांबवल्यावरही काहींचे शुक्राणू परतलेच नाहीत. १९९८ मध्ये वेट्स, वांग आणि ग्रिफिन यांनी या औषधाच्या अपयशाची कारणं मांडणारा लेख लिहिला. तो वाचताना राग येतो. ‘परत येईल’ हे आधी सिद्ध करायला हवं होतं. माणसांना गोळ्या त्यानंतर द्यायच्या.

परत येणं म्हणजे काय, हे उंदरांत, दुसऱ्याच एका रसायनामुळे, फार नेमकं दिसलं. वृषणातल्या नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात. टेस्टोस्टेरॉन त्या बनवतात. फ्रान्झ लायडिग यांनी १८५० मध्ये त्यांचं वर्णन केलं. इथेन डायमिथेन सल्फोनेट या रसायनाचं एकच इंजेक्शन मोठ्या जातीच्या उंदराला दिलं, की दोन-तीन दिवसांत या पेशी मरतात. भक्षकपेशी मढी गिळतात. टेस्टोस्टेरॉन जवळपास शून्यावर येतं. नळ्यांमधली शुक्राणूंची निर्मितीही मग कोलमडते, कारण ती याच संप्रेरकावर चालते. पण पंधरवड्यानंतर रक्तवाहिन्यांच्या आणि नळ्यांच्या कडेला नव्या लायडिग पेशी दिसू लागतात आणि सात-आठ आठवड्यांत जागा भरते. केर, डोनाकी आणि रोमर्ट्स यांनी १९८५ मध्ये हा प्रवास टप्प्याटप्प्यानं नोंदवला. रसायन मारतं ते प्रौढ पेशींना. तिथल्या मूळपेशी वाचतात आणि त्यांच्यातूनच नवी फळी तयार होते. २००६ मध्ये रेन-शान गे, मॅथ्यू हार्डी आणि सहकाऱ्यांनी अशा मूळपेशी उंदराच्या पिल्लांच्या वृषणातून वेगळ्या काढून दाखवल्या. लहान जातीच्या उंदरावर मात्र हेच रसायन फारसं चालत नाही. एका प्राण्यात दिसलं ते दुसऱ्यात गृहीत धरता येत नाही, याला एवढा पुरावा पुरे.

त्याच २००६ मध्ये टेक्सासमध्ये कीर्ती राठोर यांनी वेगळी वाट धरली: सरकीतलं गॉसिपॉल जवळपास नाहीसं करायचं, पण पानाफुलांतलं राखायचं, म्हणजे झाड किडीपुढे उघडं पडणार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ही सरकी माणसांच्या खाण्यासाठी मान्य केली.