कोडद्वारे क्लाऊड पायाभूत सुविधांचे व्यवस्थापन : टेराफॉर्मच्या संदर्भात प्राथमिक परिचय

प्रस्तावना :
ॲमेझॉनने २००६ मध्ये ईसी२ ही सेवा सुरू केल्यापासून सर्व्हर काही मिनिटांत भाड्याने मिळू लागला. २०१६ मध्ये या कंपनीचा मुंबई विभागही कार्यान्वित झाला. सर्व्हर मिळणे असे सुलभ झाले. तो कसा उभारला याची नोंद ठेवणे मात्र दुर्लक्षित राहिले. ही नोंद कोडच्या रूपात कशी ठेवता येते, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

समस्येचे स्वरूप :
प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका महाविद्यालयात प्रात्यक्षिकांचा सर्व्हर एका सहकाऱ्यांनी संकेतस्थळावरील बटणे दाबून उभारला होता. पुढे ते अन्यत्र रुजू झाले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्व्हर बंद पडला, तेव्हा कोणते पोर्ट खुले होते, डिस्क किती होती, हे कोणालाच सांगता येईना. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रयोगशाळेतील स्टुलाचीही नोंद असते. या सर्व्हरची कोठेच नव्हती.

टेराफॉर्मची कार्यपद्धती :
हॅशिकॉर्प या कंपनीने २०१४ मध्ये टेराफॉर्म प्रकाशित केले. यात सर्व्हर उभारण्याच्या पायऱ्या लिहावयाच्या नसतात. कोणता सर्व्हर असावा, याचे वर्णन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करावयाचे असते. ‘प्लॅन’ ही आज्ञा काय निर्माण होईल, काय बदलेल व काय नष्ट होईल हे दाखविते. ‘अप्लाय’ दिल्यावर, संमती मिळताच, प्रत्यक्ष कृती होते. तीच आज्ञा पुन्हा दिल्यास दुसरा सर्व्हर उभा राहत नाही, कारण वर्णन व वस्तुस्थिती यांत तफावतच उरलेली नसते.

ही तुलना ज्या नोंदीच्या आधारे होते ती ‘स्टेट फाइल’ होय. नवशिक्यांची खरी फसगत येथेच होते. ही फाइल हरवली तर टेराफॉर्मच्या लेखी काहीच अस्तित्वात नसते. ते सर्व नव्याने उभारू पाहते आणि जुना सर्व्हर निमूटपणे बिल वाढवीत राहतो. ती एकाच प्राध्यापकाच्या लॅपटॉपवर ठेवल्यास वरील प्रसंगाचीच पुनरावृत्ती होईल. म्हणून ती सामायिक दूरस्थ साठ्यात, एका वेळी एकालाच बदल करता येईल अशा कुलुपासह ठेवावी. तीत पासवर्ड उघड स्वरूपात असू शकतात, हेही ध्यानी घ्यावे.

प्लॅन न वाचता संमती देणे तितकेच धोक्याचे आहे. सर्व्हरची मूळ प्रतिमा बदलणे हा कोडमध्ये एका ओळीचा बदल. परंतु त्याने जुना सर्व्हर नष्ट होऊन नवा येतो, व मूळ डिस्कवरील विद्यार्थ्यांचे काम सहसा त्याबरोबरच जाते.

अध्यापनाविषयी :
२०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना मुक्त राहिला नाही. त्यातून निर्माण झालेले ओपनटोफू लिनक्स फाउंडेशनकडे असून अध्यापनास दोन्ही चालतात. पहिल्या प्रात्यक्षिकास क्लाऊडची गरजही नाही. ‘लोकल’ प्रोव्हायडर वापरून संगणकावर एक मजकूर-फाइल निर्माण करावी, ती हाताने खोडावी आणि पुन्हा प्लॅन पाहावा. यास क्रेडिट कार्ड लागत नाही.