माल एक, पोर्टल अनेक

5 डिसेंबर 2024 ला देवेंद्र फडणवीस यांनी तिसऱ्यांदा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि डिजिटल घोषणांचा सपाटा सुरू झाला. आधी 100 दिवसांचा कार्यक्रम, मग ई-गव्हर्नन्सवर भर देणारा 150 दिवसांचा, शिवाय व्हॉट्सअॅपवर सरकारी सेवा आणि शेतीत एआय. जळगावचा सराफ बाजार, दालमिल, रावेर-यावलच्या केळीबागा आणि धुळ्याची एमआयडीसी इथून हे सगळं कसं दिसतं? वाचा खानदेशातल्या धंद्याच्या आठ चटपटीत गोष्टी.

1. पहिला आधार खानदेशचा!
29 सप्टेंबर 2010. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या गावकऱ्यांच्या हाती पडले. नंदुरबार 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. लघुउद्योगाची उद्यम नोंदणीही आज याच 12 अंकी क्रमांकावर होते, तीही फुकट आणि कागद न जोडता. सरकारी पोर्टल सोपं असू शकतं, याचा हा पुरावाच.

2. प्रत्येक दागिन्याला स्वतःचा नंबर
सुवर्णनगरी जळगावात सोनं घ्यायला लांबलांबून गिऱ्हाईक येतं ते विश्वासावर. आता त्या विश्वासाला एचयूआयडीची जोड मिळाली आहे: अंक आणि अक्षरं मिळून सहा खुणांचा क्रमांक, प्रत्येक दागिन्याचा वेगळा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो टाका, शुद्धता समोर! नियम कडक, पण तपासणी गिऱ्हाइकाच्या हातात. म्हणून चोख धंदा करणाऱ्या सराफालाही तो फायद्याचाच.

3. 500 कोटींवरून 5 कोटींवर
जीएसटीचं ई-इनव्हॉइस 1 ऑक्टोबर 2020 ला आलं तेव्हा ते फक्त 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू होतं. 1 ऑगस्ट 2023 ला ही मर्यादा 5 कोटींवर आली. म्हणजे तीन वर्षांच्या आत मोठ्या कंपन्यांचा नियम मध्यम दालमिलच्या आणि पाइप कारखान्याच्या दारात! मोठ्या कंपनीकडे त्यासाठी अख्खा विभाग असतो. इथे बिल करणारा, माल भरणारा आणि बँकेत जाणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो.

4. केळीला मोकळीक, नळीला बिल
ताज्या केळीवर जीएसटी नाही, म्हणून तिच्या ट्रकला ई-वे बिलही लागत नाही. ठिबकच्या नळ्या घेऊन जळगावहून धुळेमार्गे सुरतेला निघालेल्या ट्रकला मात्र लागतं. माल 50 हजारांच्या वरचा असेल तर हे बिल हवंच आणि त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. सुरत सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यायची. मध्यरात्री घाटात रेंज नसेल तर ड्रायव्हरने आणि मालकाने काय करायचं, हा प्रश्न धोरण लिहिणाऱ्याच्या टेबलावर असायला हवा.

5. डाळीचा हिशोब दिल्लीला
तूर, उडीद महागले की सरकारचं लक्ष साठ्याकडे जातं. 2 जून 2023 ला केंद्राने साठ्यावर मर्यादा घातली: घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचे 200 टन, किरकोळ दुकानदाराला 5 टन. साठा केंद्राच्या पोर्टलवर जाहीर करायचा तो वेगळाच. खरेदीची नोंद बाजार समितीत, विक्रीची जीएसटीत, साठ्याची दिल्लीत. पोतं तेच, नोंदी तीन!

6. कांदेबाग आणि तापमापी
केळीच्या हवामानावर आधारित विम्यात थंडी-उष्णतेचं नुकसान बागेत येऊन मोजलं जात नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने किती तापमान नोंदवलं, त्यावर भरपाई ठरते. केळीची लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, यंत्र चुकलं की शेतकऱ्याचं वर्ष चुकतं. राज्याच्या जून 2025 मधल्या महाअॅग्री-एआय धोरणात 500 कोटींची तरतूद आहे. एआय हवाच, पण आधी त्याला मिळणारा आकडा खरा हवा. केंद्रं वाढवा, त्यांची देखभाल करा आणि रोजचा आकडा गावातल्या फलकावर लावा.

7. उधारीला 45 दिवस
एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराची जुनी दुखरी नस म्हणजे अडकलेलं बिल. 1 एप्रिल 2024 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत, करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, चुकती केली नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. शिवाय 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल-वटवणी मंचावर नोंदणी सक्तीची झाली. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या वर्कशॉपला नव्या अॅपपेक्षा याचा आधार मोठा, कारण यातून थेट पैसा फिरतो.

8. संमती मराठीत, अहिराणीचं काय?
सोन्याच्या भिशीत गिऱ्हाइकाचा फोन, पॅन, पत्ता सगळं असतं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी त्यात आहे, खानदेशची अहिराणी नाही. दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी! यावलपासून धुळ्यापर्यंतच्या लहान दुकानदारांसाठी सरकारने सोपा मराठी नमुना आणि तालुक्याला एक शिबिर एवढं तरी द्यावं.

मग धंद्याचं मागणं काय?
खानदेशच्या बाजाराने आधार, जीएसटी, एचयूआयडी, ई-वे बिल हे सगळं अंगवळणी पाडलं. डिजिटलला विरोध इथे नाही. मागणं तीनच गोष्टींचं. एक, माहिती एकदाच घ्या आणि खात्याखात्यांत तुम्हीच वाटून घ्या. दोन, सर्व्हर बंद पडला तर मुदत आपोआप वाढवा. तीन, प्रत्येक पोर्टलमागे जिल्ह्यात एक उत्तरदायी अधिकारी नेमा.

तिसऱ्यासाठी तर नवा कायदाही नको. राज्याच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवेला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहेच. व्यापाऱ्याला उशीर झाला की दंड पोर्टल स्वतःच लावतं. तीच तत्परता सरकारने स्वतःच्या उशिरालाही लावावी. डिजिटल धोरणावर बाजाराचा विश्वास त्यातूनच बसेल.