काठीची सावली आणि दहा इयत्ता

तिसरीत असताना ‘सूर्य कुठे उगवतो?’ या प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं, ‘कधी चिंचेमागून, कधी मशिदीमागून.’ वर्ग हसला आणि माझ्या तळहातावर छडी बसली. पुस्तकात ‘पूर्वेला’ असं छापलेलं होतं. पण आमच्या ओट्यावरून मी रोज जे पाहत होतो, तेही खरंच होतं. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनच वेळा, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. एरवी तो सरकत राहतो. आमच्या कोकणात उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे साधारण २४-२५ अंशांपर्यंत. हे मला कळलं कॉलेजात गेल्यावर. तोवर एक गोष्ट मनात घट्ट बसली होती, की डोळ्यांनी पाहिलेलं शाळेत सांगायचं नसतं.

हे आठवायचं कारण म्हणजे, शिक्षक मित्र भेटले की हल्ली ‘उपक्रमां’चा विषय निघतो. प्रत्येक विषयाला वेगळा उपक्रम, प्रत्येक इयत्तेला वेगळा, त्याचा फोटो वेगळा, अहवाल वेगळा. रंगीत कागद आणि तयार चित्रं दुकानातून येतात आणि मुलाचा प्रकल्प आई रात्री जागून पुरा करते. मी शिक्षक नाही. बी. ए. होऊन कविता लिहीत बसलेला माणूस. शाळांमधून कविता वाचायला जातो, तेवढाच संबंध. तरी एक सुचवावंसं वाटतं. अंगणात एक काठी उभी करा. पहिली ते दहावीचे बरेचसे तास तिच्याभोवती घेता येतील.

काठी जमिनीपासून मीटरभर उंच असली की हिशेबाला सोपी जाते. अंगणात फरशी असेल तर बादलीत वाळू भरून तीत रोवावी. ताठ आहे ना, हे बघायला दोरीला दगड बांधून ओळंबा करावा. गवंड्याचं पोर वर्गात असेल तर हे काम त्याचंच. मग दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढी ताकीद मात्र द्यावी.

पहिली-दुसरीच्या मुलांना लांब-आखूड एवढं पुरे. तिसरी-चौथीने मोजून तक्ता करावा. द्विशिक्षकी शाळेत, जिथे चार इयत्ता दोन खोल्यांत बसतात, तिथे तर हे फारच सोयीचं. धाकट्याने खूण करायची, थोरल्याने आकडा लिहायचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तेव्हा त्यांना भिंतीही लागल्या नव्हत्या.

पाचवी-सहावीची गंमत वेगळी. काठी मध्यभागी ठेवून दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळची लांब सावली आखडत आखडत एका क्षणी वर्तुळाला शिवते, तिथे खूण. दुपार कलल्यावर ती वाढत जाऊन पुन्हा शिवते, तिथे दुसरी खूण. दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. तिचा लंबदुभाजक काढला की उत्तर-दक्षिण. होकायंत्र लागत नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त बारा अंगुळं उंचीच्या शंकूच्या सावलीचं गणित आहे. अरबी ज्योतिर्विद या वर्तुळाला ‘दाइरा हिंदिया’, म्हणजे हिंदुस्थानी वर्तुळ म्हणत. किब्ल्याची दिशा ठरवताना त्याचा उपयोग होई. भूगोलाच्या तासाला काढलेलं वर्तुळ असं इतिहासाच्या तासात शिरतं.

माझे आजोबा असरच्या नमाजाची वेळ घड्याळ न बघता सांगत. उन्हात उभे राहून स्वतःची सावली पावलांनी मोजत. माणूस आपल्याच पावलाने साधारण साडेसहा-सात पावलं उंच भरतो. दुपारच्या सगळ्यात आखूड सावलीत आपल्या उंचीइतकी भर पडली की असर लागली, हा आम्हा कोकणी शाफईंचा हिशेब. हनफींमध्ये ती भर उंचीच्या दुप्पट. सातवीला गुणोत्तर शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्याच गुणोत्तराने झाडही मोजता येतं. मीटरभर काठीची सावली ८० सेंटिमीटर असताना माडाची सावली १२ मीटर भरली, तर माड १५ मीटरचा. वर चढावं लागत नाही.

खुणा करताना मुलांना एक विचित्र गोष्ट दिसेल. सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नव्हे. रत्नागिरीत सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांनी, आणि ऋतूप्रमाणे त्यातही पाव तासाएवढा फरक पडतो. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, रत्नागिरी सव्वात्र्याहत्तरच्या आसपास, आणि दर अंशाला चार मिनिटं. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली, तेव्हा मुंबईत मोठी कुरकुर झाली. गिरणी कामगारही चिडले. ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहराने पुढे कित्येक वर्षं सोडली नाही.

आणि मराठीचा तास? तो माझा लाडका, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. मुलांनी घरून उन्हासावलीचे शब्द आणायचे. उन्हं कलली, उन्हं उतरली, सावल्या लांबल्या, टळटळीत दुपार, तिरीप. एकाची आजी म्हणाली होती, ‘दिवस कासराभर वर आला.’ कासरा म्हणजे बैलाचा दोर, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं. मग आकाशात तो मोजायचा कसा, यावर अर्धा तास वाद झाला. एका मुलीने घरचा ‘साया’ आणला, दुसऱ्याने ‘कवडसा’. कौलाची फट वेडीवाकडी, मग कवडसा गोल का? कारण तो सूर्याचंच चित्र असतो. इथे मराठीच्या बाईंनी विज्ञानाच्या सरांना हाक मारावी.

थोरल्या मुलांसाठी दोन शाळांचा खेळ आहे. एकाच दिवशी रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या शाळेने आपापली सगळ्यात आखूड सावली मोजायची आणि फोनवर सांगायची. कागदावर काठी-सावलीचा त्रिकोण काढून कोनमापक लावला की दोन्ही कोनांत चार अंशांहून थोडा जास्त फरक निघेल. दर अंशाला १११ किलोमीटर धरले, तर दक्षिणोत्तर अंतर ४६० किलोमीटरच्या आसपास. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन गावांतल्या उन्हाचा असाच फरक काढला. तो वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला आणि त्यावरून त्याने पृथ्वीचा घेर सांगितला.

दसऱ्यानंतर आभाळ निवळतं, तेव्हा सुरुवात करावी. शून्य सावलीचा दिवस मात्र शाळेला सापडत नाही. रत्नागिरीत तो ८ मेच्या सुमारास, नागपुरात २६ मेच्या, आणि तेव्हा सुट्टी. दुसऱ्यांदा येतो तो जुलै-ऑगस्टच्या ढगांत. म्हणून परीक्षेच्या शेवटच्या दिवशी मुलांना सांगून ठेवावं, की घरातला एखादा उभा डबा दुपारी साडेबारानंतर उन्हात ठेवा आणि काय झालं ते जूनमध्ये येऊन सांगा. आमच्या गावच्या चौथीतल्या एका मुलीने सांगितलं, डब्याची सावली डब्याखाली जाऊन बसली होती. ‘कशावरून?’ असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, ‘मी डबा उचलून बघितला.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)