वाळूच्या टेकड्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह

पुण्यातील कर्वेनगरहून रस्त्याने सुमारे १,२०० किलोमीटरवर असलेल्या जैसलमेरच्या पश्चिमेस सम येथे थार वाळवंटातील वाळूच्या टेकड्या आहेत. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्राच्या ‘थार’ला याच वाळवंटाचे नाव दिलेले आहे.

हवेचा दाब : वाळूवर सर्वांत निर्णायक ठरते ती टायरमधील हवा. रस्त्यावरचा ३० ते ३५ पीएसआय दाब १५ ते १८ पर्यंत उतरवला, की टायरचा टेकलेला भाग लांबतो, भार पसरतो आणि चाक सहजी रुतत नाही. मात्र दाब फारच उतरवल्यास वळणावर टायर रिममधून निसटू शकतो.

फोर-हाय, फोर-लो : चारही चाकांना शक्ती देऊन वेग टिकवणारी फोर-हाय ही टेकड्यांवरची नेहमीची निवड असून, वेग घटवून ओढ वाढवणारी फोर-लो रुतलेली गाडी काढण्यासाठी व तीव्र उतारासाठी वापरतात. चाक घसरताच इंजिनाची शक्ती तोडणारे ट्रॅक्शन कंट्रोल चढापूर्वी बंद करतात.

डिफरेन्शियल लॉक : एकाच आसावरील दोन्ही चाकांना समान गतीने फिरवणारी ही सोय फोर्स ‘गुरखा’त पुढे व मागे दोन्हीकडे असते, ती सरळ रेषेतच वापरावी, कारण लॉक असताना गाडी नीट वळत नाही.

चढ-उतार : टेकडी सरळ चढावी, माथ्याजवळ अ‍ॅक्सिलरेटर सोडावा आणि उतरतानाही सरळच उतरावे, तिरकी गेलेली गाडी उलटते. चाके जागीच फिरू लागल्यास तत्काळ थांबून, आलेल्या चाकोरीतूनच मागे यावे.

परतताना : डांबरी रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी टायरमध्ये पुन्हा हवा भरावी, कारण कमी दाबाचा टायर वेगात तापून फुटतो.