संकासुराची वेळ कापू नका

कार्तिकात सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू झाल्या की दशावतार हे लोकनाट्य करणारी मंडळी पेटारे उचलतात, ते पावसाच्या तोंडावरच खाली ठेवतात. रात्री देवाची पालखी फिरते. गाऱ्हाणं घातलं जातं. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून एकजण गावाचं मागणं मांडतो आणि दर वाक्याला माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मालवणच्या किनाऱ्यावर या मागण्यात दर्या येतोच. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही. कारणं म्हणून नावं येतात ती पर्ससीन जाळी, परराज्यातले ट्रॉलर आणि रात्री प्रखर दिवे लावून होणारी एलईडी मासेमारी. इथली वर्तमानपत्रं सरळ ‘मत्स्यदुष्काळ’ असा मथळा देतात. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी पारंपरिक मच्छीमारांची आंदोलनं थांबली नाहीत.

गाऱ्हाण्यानंतर रंगपटात जावं. मांडी घालून, छोट्या आरशात बघत प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो. एका हाताने गालावर रंग चढत असतो आणि तोंडाने शेजाऱ्याशी बोलणं चाललेलं असतं: तू राजा, मी ऋषी, शाप कुठे द्यायचा, युद्ध कुठे लावायचं. लिहिलेली संहिता नाही. आख्यान ठरतं, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतात. गावाचं दुःख नाटकात शिरतं ते इथूनच. पाठ केलेल्या नाटकात त्याला जागाच मिळाली नसती.

आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, सरस्वती येते, मग काळ्या पेहरावातला संकासूर. बाकीची पात्रं गंभीर. हा मालवणीत बोलतो, गाणाऱ्या हरदासाला उलटसुलट प्रश्न विचारतो, गावातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलायची त्याला मुभा असते. जे सभेत म्हणायला माणूस कचरतो, ते हा मृदुंग-झांजेच्या साथीत म्हणतो, आणि दिवसभर रिकामी जाळी सावरत बसलेली माणसं खळखळून हसतात. त्या हसण्याने मासा परत येत नाही. पण आपलं नुकसान एकट्याचं नाही, हे त्या रात्री सगळ्यांना एकदम कळतं. मला हे फार मोलाचं वाटतं. पुढे विष्णू संकासुराला मारतो. या असुराने पळवलेले वेद समुद्रातून सोडवायला देवाने पहिला अवतार घेतला तो माशाचा.

डोंगराकडेही दुखणं आहेच. दोडामार्गातल्या कळणे गावात जुलै २०२१ मध्ये लोहखनिजाच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखल घरांत, शेतांत घुसला. २०२५ मध्ये सुबोध खानोलकरांच्या ‘दशावतार’ चित्रपटाने खाण आणि दशावतारी नट एकाच गोष्टीत आणले. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला दशावतारी नट बाबुली बघायला लोकांनी गर्दी केली.

पण जत्रेत अलीकडे आडदशावतार आटोपता घेतात, कुठे गाळतातही. लोकांना ट्रिकसीन, म्हणजे करामतींचे प्रसंग, हवेत म्हणून. जत्रा कमिट्यांना माझी विनंती आहे: ट्रिकसीन ठेवा, पण संकासुराला त्याचा पूर्ण वेळ द्या. आणि आपण प्रेक्षकांनी आख्यानाची वाट न बघता आधीच येऊन बसावं.